मोफत देणे आहे

"गोंडस पिल्लू, खूप खेळकर, मोफत देणे आहे. ज्यांना हवं त्यांनी लवकर फोन करावा." थंडी पडायला लागली की लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मजकूर फिरू लागतो. सोबत एक फोटो, एक कान उभा, एक पडलेला. खाली लाल बदामांची रांग. दोन तासांनी निरोप येतो, "पिल्लू दिलं, सगळ्यांचे आभार." सगळे खूश. पिल्लू कुठे गेलं, कोणाकडे गेलं, त्या घरात दिवसभर कोण असतं, हे त्या गटातल्या दोनशे माणसांपैकी एकही विचारत नाही.

या मजकुराची मला चीड आहे. त्यातल्या "मोफत" आणि "लवकर" या दोन शब्दांची तर फारच. देणाऱ्याला आपल्या दारातली कटकट जायला हवी असते आणि तिला तो भूतदया म्हणतो. घेणाऱ्याला चार दिवसांचं खेळणं हवं असतं आणि त्याला तो प्राणीप्रेम म्हणतो.

मुलीचा रिश्ता येतो तेव्हा आपण काय करतो? मुलाच्या मामूच्या किराणा दुकानाच्या उधारीपर्यंत चौकशी जाते. सोलापूरला कोणी लांबचा नातेवाईक असेल तर त्याला फोन करून विचारतो, लडका कैसा है, नमाजी है क्या, गुटखा तो नहीं खाता. खोली भाड्याने देताना आधार कार्ड मागतो. जुनी मोटारसायकल विकताना समोरच्याने ती नावावर करून घ्यावी म्हणून दहा फोन करतो. आणि जो जीव आपली तक्रार कुठेही नोंदवू शकत नाही, तो मात्र पिशवीत घालून पहिल्या येणाऱ्याच्या हातात.

पहिल्याच हातात दिलेलं पिल्लू बहुतेकदा परत रस्त्यावर येतं, आणि रस्त्यावर त्याचं काय होतं ते मोजलेलं आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांची ३६४ पिल्लं जन्मापासून पाहिली. त्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांपर्यंत जगली ती फक्त १९ टक्के. आणि जी मेली त्यांतल्या ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. गाडी, विष, मार, आणि पिल्लू उचलून नेणं. उचलून नेणाऱ्यांत प्रेमाने नेणारेही असणार, हे मी माझ्या पदरचं सांगते.

मी औशात उर्दू आणि मराठी शिकवते. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ मुलींना एक पिल्लू सापडलं. आई महामार्गावर गेली होती. मुलींनी तिचं नाव ठेवलं बिजली, आणि ते नाव तिने दोन दिवसांत सिद्ध केलं. बुटाची नाडी, ओढणीचं टोक, सायकलचं मडगार्ड, जे हलेल ते तिचं. एकदा पाचवीच्या वर्गातलं डस्टर घेऊन ती जी पळाली, ती आख्खा वर्ग मागे घेऊन. मुलांना तिच्याइतकी आवडती शिक्षिका त्या आठवड्यात शाळेत दुसरी नव्हती.

पण शाळेत तिला ठेवता येत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश दिला की शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली मोकाट कुत्री हटवायची, लस आणि नसबंदी करायची, आणि पुन्हा त्याच जागी सोडायची नाहीत. त्यावर प्राणीप्रेमी चिडले. ज्या वर्गात चाळीस लेकरं आहेत, त्या दारात उभं राहून मला तसं चिडता येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. हटवा म्हणजे कुठे, याचं उत्तर कोणीतरी द्यायला हवं, आणि एका पिल्लापुरतं ते उत्तर मी देऊ शकत होते. त्याच न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेण्याचीही वाट ठेवलेली आहे. पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घेता येतं, आणि मग ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. हे दुसरं वाक्य आपल्या गटांवर कोणी पुढे पाठवलं नाही.

बिजली आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच आठवडे राहिली. पहिल्या चार दिवसांत नऊ फोन आले. फोन करणाऱ्यांपैकी एकही माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

लातूरहून एक वडील बोलले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलगा अकरावीत, नीटची तयारी. "मॅडम, त्याचा ताण जाईल हो." दिवसा घरी कोण असतं? दहा ते सात कोणीच नाही. मग पिल्लू? "बाल्कनीत राहील की." लातूर पॅटर्नने पोरांचं बालपण घेतलं ते घेतलं, आता त्यावर औषध म्हणून कुत्र्याचंही घ्यायचं. अडीच महिन्यांचं पिल्लू दिवसातून बराच वेळ झोपतं हे खरं, पण जागं असतं तेव्हा ते माणूस शोधतं. नऊ तास बाल्कनीत एकटं ठेवलं की ते रडतं, मग दार कुरतडतं, मग शेजारी तक्रार करतात, मग एके रविवारी औसा रोडला "मोकळ्या हवेत" सोडून येतात. सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे एक प्लेट भजी.

मग एका गोदामाचे मालक. त्यांचा पहिला प्रश्न, "नर आहे का मादी?" मादी म्हटल्यावर फोनवरच तोंड वाकडं झालेलं ऐकू आलं. हा प्रश्न नऊपैकी सात जणांनी विचारला. मी मुलींना शिकवते, त्यामुळे या प्रश्नाची चाल मला ओळखीची आहे. नर उचलला जातो, मादी उकिरड्यावर राहते, पहिल्या वर्षीच पाच-सहा पिल्लं घालते, आणि मग गाव म्हणतं कुत्री फार झाली. एक शस्त्रक्रिया, आणि हा प्रश्नच संपतो. पण नसबंदीचं नाव काढलं की लोक असे बघतात जणू आपण त्यांच्याच घरात डोकावलो. तर ते मालक मादीवर तयार झाले, पण अट घातली. कुत्रं तिखट पाहिजे. "लहानपणापासून साखळीला ठेवलं की बरोबर तिखट होतं." साखळीने कुत्रं तिखट होत नाही, घाबरट होतं, आणि घाबरलेलं कुत्रं हमालाच्या लेकराला चावतं. जड किंवा आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे, पण गावोगाव गोदामं बघा.

आपल्यातलाच एक तरुण बाइकवरून आला. त्याला कारवानीसारखं काहीतरी हवं होतं, लांब पायांचं, सशामागे सोडायला. बिजलीकडे बघून म्हणाला, "ये तो गावठी है बाजी." सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, हे मी त्याला सांगितलं. तो गेला. बरं झालं.

सगळ्यात अवघड नकार मला एका बाईंना द्यावा लागला. त्या रोज अकरा कुत्र्यांना खाऊ घालतात. पगार बेताचा, घर दोन खोल्यांचं, आणि मन एवढं मोठं की त्यांना नाही म्हणता येत नाही. त्या रडवेल्या झाल्या. "माझ्याइतकं प्रेम कोण करेल?" बरोबर होतं त्यांचं. आणि तरीही नाही.

कारण प्रेमाने पिल्लू मरतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात घडलेलं आहे. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात लवूळ नावाचं गाव आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ते जगभर गाजलं. माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती. टीव्हीवाल्यांनी बदल्याची कथा रचली, माकड विरुद्ध कुत्रा टोळीयुद्ध, मेलेल्या पिल्लांचा आकडा अडीचशेवर नेला. वनखात्याने शेवटी दोन माकडं पकडून नेली. बदला वगैरे मसाला बाजूला ठेवला तर दिसतं ते असं. माकडं पिल्लाला पोटाशी धरत होती, गोंजारत होती, उवा वेचत होती. पण त्याला पाजता येत नव्हतं, आणि पिल्लाला उंचावरून खाली उतरता येत नव्हतं. ते भुकेने मरत होतं किंवा पडून मरत होतं. लवूळच्या माकडावर आपण हसलो. आपल्या फ्लॅटमधली बाल्कनी आणि ते छप्पर यांत मला फार फरक दिसत नाही. अकरा कुत्र्यांत बारावं, न टोचलेलं पिल्लू ठेवलं आणि एकाला पार्व्होची रक्ताची हगवण लागली, तर आठवड्यात किती राहतील?

आता आपल्या घरातली गोष्ट. माझी मुसलमान मंडळी या सगळ्या प्रकरणात एका वाक्यात मोकळी होतात. "कुत्ता नापाक है, फरिश्ते नहीं आते." हदीस आहे, सही आहे, मी ती नाकारत नाही. शिकार, जनावरं किंवा शेतीची राखण यांव्यतिरिक्त कुत्रा पाळला तर रोजच्या सवाबातून घट होते, हीही हदीस आहे. पण तिच्यातली सूट आपण वाचतच नाही. शेती आणि जनावरं! औसा तालुक्यात यांखेरीज आहे काय?

आणि दर जुम्म्याला आपण सूरह कहफ पढतो. त्यात गुहेतले ते नेक तरुण झोपलेले आहेत आणि उंबऱ्यावर त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून बसला आहे. अल्लाहने त्यांची गणती सांगताना कुत्र्यालाही धरलं. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने धरून आणलेलं हलाल ठरवलं आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती हदीस आहे, विहिरीकाठी तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून पापी माणसाला माफी मिळाली. मक्केच्या मोहिमेवर, हिजरी ८ साली, वाटेत पिल्लं पाजणारी एक कुत्री दिसली तेव्हा प्रेषितांनी (स.) लष्कराचा धक्का लागू नये म्हणून तिच्याजवळ एक माणूस उभा केला, असं वाकिदीने नोंदवलं आहे. वाकिदीच्या सनदेवर मुहद्दिस बोट ठेवतात, मला माहीत आहे. पण एवढ्या बारकाईने सनद तपासणारी आपली मंडळी गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारणाऱ्या पोराकडे कोणती सनद मागतात?

फिकहतही एकच मत नाही. इमाम मालिक कुत्र्याला पाक मानतात. आपल्या हनफी मसलकात लाळ नापाक आहे, पण कोरड्या अंगाला हात लागला तर हात नापाक होत नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या इब्नुल मर्जुबान या आलिमाने एक आख्खं पुस्तक लिहिलं. कपडे घालणाऱ्या पुष्कळ जणांपेक्षा कुत्रे श्रेष्ठ कसे, हा त्याचा विषय. त्या काळच्या माणसांचा त्याला बराच अनुभव असावा.

मी कोणाला कुत्रा बैठकीच्या गालिच्यावर आणा असं म्हणत नाही. आमच्याकडेही आणला नाही. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, ओढणी सावरून लांबूनच भाकरी टाकायच्या आणि मग वुजू करून यायच्या. (कुत्रा शिवल्याने वुजू तुटत नाही, हे मी त्यांना सांगायला गेले नाही. भाकरी वेळेवर पडत होती.) माझा मुद्दा एवढाच की घरात कुत्रा ठेवायचा की नाही हा एक मसला आहे, आणि दारात आलेला जीव नीट हातात सोपवायचा की नाही हा दुसरा. पहिल्याच्या आड लपून दुसऱ्यातून सुटका होत नाही. तो जीव तुमच्याकडे आला तेव्हा अमानत झाला. अमानत योग्य माणसाच्या हाती द्यायची असते, ज्याने पहिला हात पुढे केला त्याच्या नव्हे.

"एवढं आहे तर तुम्हीच पाळा ना." हे मला बारा जणांनी ऐकवलं. रिश्ता जमवणाऱ्या खालाला आपण स्वतः निकाह कर म्हणतो का? दुसरं नेहमीचं, "माणसांना घरं नाहीत आणि हिचं कुत्र्याचं चाललंय." ज्यांनी हे म्हटलं त्यांच्यापैकी कोणी कोणा माणसाला घर शोधून दिल्याचं अजून माझ्या कानावर नाही.

मुंबईत १९८५ पासून द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आहे, पुण्यात २००७ पासून रेस्क्यू. मोठ्या शहरांतल्या दत्तक देणाऱ्या संस्था साधारणपणे अर्ज भरून घेतात, घर बघतात, नसबंदीचं वचन लिहून घेतात. लोक वैतागतात, "कुत्रंच नेतोय, मूल नाही." औशात अशी संस्था नाही. मग ती चौकशी ज्याच्या हातात पिल्लू आहे त्यालाच करावी लागते, आणि तोंडावर नाही म्हणायला शिकावं लागतं. आपल्याकडे हेच जमत नाही. नाही म्हणणं बदतमीजी वाटते. पिल्लू मेलेलं चालतं, समोरच्याला वाईट वाटलेलं चालत नाही.

चपळ पिल्लाच्या बाबतीत तर ही चौकशी दुप्पट हवी. शांत पिल्लू कुठेही रुळतं. बिजलीसारखं पिल्लू रीलमध्ये सगळ्यांना हवं असतं, घरात कोणालाच नाही. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा ते हात, चप्पल, चटई, सगळं चावतं. ही चूक नाही, वय आहे. त्याला पळायला जागा, चघळायला काहीतरी, आणि दिवसभर कोणीतरी माणूस लागतं. हे ज्या घरात आहे ते घर त्याचं. ते घर श्रीमंत की गरीब, हिंदूचं की मुसलमानाचं, याला काही अर्थ नाही.

दहावा फोन एका बागवान चाचांचा आला. सोयाबीन-तुरीचं रान, आखाड्यावरच कुटुंब राहतं, शेळ्या आहेत. आधीच्या नऊ जणांना प्रश्न मी विचारले होते. यांनीच मला विचारायला सुरुवात केली. सुई कधी दिली? पुढची कधी? पिसाळण्याची सुई तीन महिन्यांची झाली की द्यायची ना? शेळ्यांना घाबरते का? भाकरीवर राहील का अंडं लागेल? मादी आहे, मी म्हणाले. "तो क्या हुआ," ते म्हणाले, "पहलेवाली भी मादी हीच थी."

ही बातमी फुटली तेव्हा दोन्हीकडून फोन आले. लातूरच्या एका प्राणीप्रेमी माणसाने अगदी काळजीने विचारलं, "तुमच्या लोकांच्या आखाड्यावर? तुमच्यात कुत्रं चालतं का?" आणि आपल्यातल्या एका हाजीसाहेबांनी सांगितलं की चाचांच्या रोजीतली बरकत जाईल. दोघांनीही आखाडा पाहिलेला नव्हता. आम्ही स्कूटरवरून जाऊन पाहिला. विहिरीला कठडा होता, फवारणीची औषधं कुलूप लावलेल्या पेटीत होती, रस्ता लांब होता. ती "पहलेवाली" अंगणात ऊन खात पडली होती, तोंडावरचे केस पांढरे झालेले, गळ्यात ना साखळी ना दावं. नमाजची चटई ओट्यावर आत, कुत्री ओट्याखाली. कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं. एवढी म्हातारी होईपर्यंत कुत्रं जिथे जगतं, त्या घराला मी आणखी काय विचारणार?

तरी विचारलंच. वहीच्या पानावर लिहूनही घेतलं. सुयांच्या तारखा, नसबंदी, आणि काही झालं तरी तिसऱ्याला द्यायची नाही, मलाच परत करायची. चाचांनी सही केली आणि खाली त्यांच्या नातीनेही केली, कारण तिला वाटलं ज्यांना पिल्लू हवं त्या सगळ्यांनी करायची असते.

पहिल्या पंधरा दिवसांत बिजलीने दोन चपला खाल्ल्या, ठिबकची नळी एका जागी फोडली आणि कोंबड्यांना अंडी द्यायचं विसरायला लावलं. मग चाचांचा फोन आला. नसबंदीला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात न्यायचं की लातूरला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. उदगीर ठरलं. टेम्पो त्यांचा, डिझेल माझं.